चुन्याची पेटी

विल्यम मर्डॉकने १७९२ साली कॉर्नवॉलमधल्या रेड्रुथ गावी दगडी कोळशाच्या गॅसवर आपलं घर उजळलं. १८२३ च्या सुमारास सर वॉल्टर स्कॉटच्या ॲबट्सफर्डच्या वाड्यातही गॅसचे दिवे आले. तिथला गॅस तेलाचा, एवढाच फरक. मग आडरानातल्या जमीनदारांनाही राहवेना. जवळपास गॅस कंपनी नाही ना, मग आपल्याच आवारात भट्टी घाला!

अशाच एका इंग्रज जमीनदाराची भट्टी उताराच्या तळाशी, झाडांआड होती. दूर अशासाठी, की वास वाड्यावर जाऊ नये. आणि खाली अशासाठी, की हवेहून हलका गॅस आपसूक वर चढावा. म्हातारा भट्टीवाला बिडाच्या बंद रिटॉर्टमध्ये कोळसा तापवी, निघालेला गॅस थंड करून त्यातलं डांबर काढून घेई, मग तो चुन्याच्या पेटीतून नेऊन पाण्यावर तरंगणाऱ्या लोखंडी टाकीत साठवी. पेटीत थराथराने विझवलेला चुना पसरलेला असे. तो उपसायच्या दिवशी सडक्या अंड्यांचा असा भपकारा सुटे, की कुत्रीही तिकडे फिरकत नसत.

नवा कारभारी आला, हिशेबाला पक्का. कोक विकला जातो, डांबर कुंपणाला लागतं. आणि हा चुना?

"चुन्याने उजेड किती वाढतो?"

"फारसा नाही, साहेब."

"मग बंद कर."

भट्टीवाल्याने लेड ॲसिटेटमध्ये भिजवलेला कागद पेटीआधीच्या तोटीशी धरला. बघता बघता तो काळा पडला. दुसरा पेटीनंतरच्या तोटीशी धरला, तो पांढराच राहिला.

"कागद नको दाखवूस. दिवे बघू."

त्या रात्री पेटी टाळून गॅस वर गेला. दिवे जवळपास तेवढेच लख्ख. दिव्यांपुरतं कारभाऱ्याचं बरंचसं खरं होतं.

हिवाळ्यात चांदीची भांडी काळवंडू लागली. बोलणी मोलकरणीने खाल्ली. पाहुणे खोकत, डोळे चोळत लवकर उठू लागले. खापर धुक्यावर फुटलं. शेवटी दिवाणखान्याचं पांढरंशुभ्र छत करडं झालं, तेव्हा कुठे रंगाऱ्याला बोलावणं गेलं. त्याने शिडीवर चढून नखाने रंग खरवडला आणि म्हणाला, "शिशाचा सफेदा आहे. तुमच्या नळांच्या सांध्यांतून गॅस झिरपतोय, तोच बाधलाय याला."

मालक पहिल्यांदाच उतार उतरून भट्टीवर आला. म्हाताऱ्याने जपून ठेवलेले दोन्ही कागद पुढे केले.

"मालक, या कागदावर शिसं, तुमच्या छतावरही शिसंच. मी बोटभर कागदावर तपासत होतो. आता अख्खा वाडाच तपासणीला लावलाय."

चुन्याची गाडी त्याच आठवड्यात आली. रंगाऱ्याचं बिल मात्र चुन्याच्या कित्येक वर्षांच्या खर्चाला भारी पडलं. कारभारी वही उघडून उभा राहिला.

"हे कोणत्या खात्यात मांडू?"

"चुन्याच्या," मालक म्हणाला.