न विचारता ठरलेले दोन दिवस

जुन्या मैत्रिणींच्या ग्रुपवर सहलीचा विषय निघाला की पुढे काय होणार, हे आता सगळ्यांना पाठ असतं. कुणीतरी कॉलेजातला फोटो टाकते, 'आता भेटायलाच हवं' असं एकमताने ठरतं, तारखा मागवल्या जातात. मग एकीच्या मुलाची परीक्षा निघते, दुसरीच्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, तिसरीचं मार्चअखेरचं काम. सगळ्यांना जमेल अशी तारीख शोधता शोधता वर्ष सरतं. यात कुणाचं मन खोटं नसतं. पन्नाशीतल्या बाईच्या शनिवार-रविवारवर घरातल्या इतक्या जणांचा हक्क असतो, की ते दोन दिवस मागायची वेळ आली की तीच सगळ्यात आधी आपली मागणी मागे घेते.

आमच्यातल्या एकीने हे ओळखलं आणि विचारणंच बंद केलं. नाशिकच्या हॉस्टेलवर आम्ही एकत्र राहिलो. आता कुणी ठाण्याला, कुणी दहिसरला, कुणी नाशिकलाच. तिचा निरोप एवढाच होता : शुक्रवारी रात्री बोरिवली स्टेशन, दोन दिवसांचे कपडे, चालायला सोयीच्या चपला. कुठे जायचं ते विचारायचं नाही. "अगं, पण घरी काय सांगू?" असं मी फोनवर म्हटलं, तर ती म्हणाली, "घरी सांगून झालंय. तू फक्त ये."

खरोखरच सांगून झालं होतं. माझ्या नवऱ्याशी ती आठवडाभर आधी बोलली होती. एकीच्या आईजवळ रात्री थांबायला तिने ओळखीची बाई बघून ठेवली होती. गुडघ्याचा त्रास असलेलीला खालचा बर्थ होता, आणि रविवारी जिची एकादशी होती तिच्यासाठी राजगिऱ्याचे लाडू बांधून घेतलेले होते. अवचित ठरलेल्या सहलीत आयत्या वेळची धांदल असते, असा आपला समज. प्रत्यक्षात सगळ्यांची तयारी एकटीने उचललेली असते आणि बाकीच्यांना तिचा भार कळू दिलेला नसतो. हे ओळखीच्या बळावरच जमतं. कोण कशाला नाही म्हणेल आणि त्यातलं कोणतं नाही ऐकून घ्यायचं नाही, हे जिला ठाऊक आहे तिनेच असा घाट घालावा.

गाडीत बसल्यावर कळलं, बडोदा. रात्री बोरिवलीहून निघालं की पहाटे गाठता येणारं गाव. तरी आमच्यातलं कुणी तिथे कधी उतरलं नव्हतं. सुरतेला, अहमदाबादला जाताना खिडकीतून पाहिलेलं, एवढंच. खरं तर नाशिककरांना बडोदा परकं नाही. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा गोपाळ १८७५ साली, बाराव्या वर्षी, गायकवाडांच्या घरात दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. पुढे १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करणारा राजा तो हाच. आमच्यातली एक त्याच तालुक्यातली, शिक्षिका. स्टेशनबाहेर पाऊल टाकताच तिचा चेहरा माहेरी आल्यासारखा झाला.

बेत ठरवणारीने मुद्दाम शहर निवडलं होतं. रिसॉर्टवर गेलो असतो तर व्हरांड्यातल्या खुर्च्यांवर बसून मेसमधली आमटी, गेटवरच्या बाई, परीक्षेच्या आदल्या रात्री गेलेली वीज, हेच सगळं पुन्हा उगाळलं असतं. त्या आठवणी प्रिय आहेत, पण त्यांत आता भर पडत नाही. आणि ज्या मैत्रीच्या जवळ फक्त जुनं शिल्लक असतं, ती हळूहळू त्याच चार प्रसंगांपुरती उरते. अनोळखी शहर तुम्हाला चालवतं, रस्ता विचारायला लावतं, समोरचं बघायला लावतं. तिथे आमच्यापैकी कुणी मुख्याध्यापिका नव्हती, कुणाची सून नव्हती. सगळ्याच सारख्या नवख्या होत्या.

सकाळी रस्त्याच्या कडेला उभ्याने सेव उसळ खाल्ली. पांढऱ्या वाटाण्याची उसळ, वर मूठभर सेव, चिरलेली कांद्याची पात, बाजूला पाव आणि लागेल तशी ओतून घ्यायची लाल तरी. मग मध्यवर्ती ग्रंथालय पाहिलं. १९१० साली सयाजीरावांनी विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला अमेरिकेहून बोलावलं आणि गावोगावच्या वाचनालयांपासून पेट्यांमधून फिरणाऱ्या पुस्तकांपर्यंत सगळी व्यवस्था उभी केली. इथल्या पुस्तकांच्या दालनातली जमीन काचेची आहे. जाड, दुधी काच, आणि तिच्यावर उभी राहिलेली लोखंडी कपाटं. वरच्या मजल्यावरचा उजेड झिरपून खालच्या पुस्तकांपर्यंत पोहोचावा, ही त्यामागची योजना. शिक्षिका मैत्रीण तिथे खाली वाकली आणि तिने काचेवर तळहात टेकवला. "पोरांना हे दाखवायला हवं," एवढंच म्हणाली. हॉस्टेलवर वर्गांना दांडी मारण्यात पुढे असलेली ही मुलगी आज आपल्या शाळेसाठी किती जीव टाकते, हे ऐकून माहीत होतं. दिसलं त्या क्षणी.

मग मांडवीच्या बाजारात शिरलो. चारी बाजूंनी रिक्षा, हातगाड्या, दुकानदारांची हाळी. त्या गोंगाटात माझ्या लक्षात आलं, की आमच्यातली एक सारखी जागा बदलते आहे. कुणी डावीकडून बोललं की दोन पावलं मागे जाऊन दुसऱ्या बाजूने येते. दुपारी विचारलं तेव्हा तिने सहज सांगितलं, डाव्या कानाने जवळपास ऐकू येत नाही, काही वर्षं झाली. ग्रुपवर ती रोज असते, रोज उत्तर देते. लिहिलेलं वाचायला कान लागत नाहीत, म्हणून आम्हाला कळायचं काही कारणच पडलं नाही. एकत्र चाललो म्हणून कळलं. नंतरचा सगळा वेळ कुणी न सांगता सगळ्या तिच्या उजव्या बाजूने चालत राहिल्या.

संध्याकाळी कीर्ती मंदिरात नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं पाहिली. १९३९ ते १९४६ या काळात त्यांनी इथल्या भिंतींवर गंगावतरण, मीरेचं आयुष्य, 'नटीर पूजा' आणि अभिमन्युवध रंगवला. मोठी चित्रं बघताना माणसं आपोआप कमी बोलतात, आणि त्यानंतर बोलतात ते जरा खरं बोलतात. रात्री हॉटेलच्या खोलीत त्याचा प्रत्यय आला. झोप मात्र फारशी झाली नाही.

रविवारी कमाटीबागेत गेलो. या बागेशी बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातला एक जळता दिवस जोडलेला आहे. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेले हे विद्वान १९१७ साली संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला बडोद्यात आले, आणि त्यांना राहायला जागा मिळेना. नाव बदलून एका पारशी धर्मशाळेत राहावं लागलं, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढलं. गाव सोडण्याआधी ते या बागेत बसून राहिले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

आम्ही सगळ्या गप्प होतो. मग आमच्यातलीच एक बोलू लागली. हॉस्टेलवर पहिल्या वर्षी तिला मिळालेल्या खोलीतली मुलगी आडनाव कळल्यावर दुसऱ्याच दिवशी खोली बदलून गेली होती. त्यानंतर ती आमच्या खोलीत आली, आणि 'मला तिथे करमत नव्हतं' असं तिने आम्हाला सांगितलं होतं. इतकी वर्षं आम्ही तेच कारण धरून चाललो होतो. "तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही माझी कीव केली असती. मला मैत्री हवी होती," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

जुनी मैत्री म्हणजे एकमेकींची पुरती माहिती, असं आपण धरून चालतो. वीस वर्षांच्या मुलींची माहिती आम्हाला होती, आणि तीही अपुरी. त्यानंतर प्रत्येकीच्या आयुष्यात जे घडलं ते तुकड्यांनी, वाढदिवसाच्या शुभेच्छांमधून कळत गेलं. त्या दोन दिवसांतलं खरं नवल मला हे वाटतं. गावाचं नाव गुप्त होतं ते गाडीत बसेपर्यंत. पण जिच्या शेजारी उशी टाकून वर्षं काढली ती आज कशी ऐकते, कशाने भारावते, तेव्हा काय मनात ठेवून होती, हे समोर आलं ते बेतात कुणीच लिहिलेलं नव्हतं. ओळखीच्या जोरावर हा बेत जमला आणि त्यानेच ती ओळख पुढे सरकवली.

म्हणून आता वाटतं, प्रत्येक जुन्या घोळक्यात एकीने तरी न विचारता ठरवण्याचं काम अंगावर घ्यावं. पैसे फारसे लागत नाहीत; रात्रीची गाडी, साधं हॉटेल आणि पाहण्यासारखं एक शहर पुरतं. लागते ती माणसांची ताजी खबर, आणि ती मिळवायला फोन करून निवांत बोलावं लागतं. बडोद्याचा बेत जिने आखला, तिच्यासाठी असे दोन दिवस आखायची पाळी आता माझी आहे. परवा तिच्या मुलीला फोन केला आणि विचारलं, आई हल्ली रात्री किती वाजता झोपते, तिला कशाचा त्रास होतो, कुठे जावंसं वाटतं असं कधी बोलली आहे का. अर्धा तास बोललो. त्यातलं निम्मंअधिक मला नवीन होतं.