पहिली कुपी



मिसरूड फुटू लागले की मुलाचा आरशासमोरचा वेळ वाढतो. केस तीनतीनदा विंचरले जातात, सदऱ्याची इस्त्री मोडली तर घर डोक्यावर घेतले जाते. थोरांच्या हे लक्षात येते आणि थट्टा सुरू होते. मग एखाद्या दिवशी ईदीच्या पैशांतून किंवा पहिल्या पगारातून तो एक लहानशी अत्तराची कुपी, नाहीतर स्प्रेची बाटली विकत आणतो आणि कपाटात कपड्यांच्या घडीखाली दडवून ठेवतो. हा लेख त्या मुलासाठी आहे. त्याच्या आई-वडिलांनीही तो वाचावा, अशी विनंती आहे.

दडवण्यासारखे त्यात काही नाही, हे आधी सांगतो. आपल्या धर्माने सुगंधाच्या आवडीला कधीही दोष मानलेले नाही. इमाम नसाई यांच्या संग्रहातील हदीसनुसार, या जगातील ज्या मोजक्या गोष्टी प्रेषित मुहम्मद (स.) यांना प्रिय होत्या त्यांत सुगंध होता, आणि त्याच हदीसमध्ये नमाजचा उल्लेख डोळ्यांची शीतलता म्हणून येतो. सुगंध आणि नमाज एकाच वाक्यात यावेत, हा काही लहान मान नव्हे. दिव्य कुरआनात स्वर्गवासीयांच्या पेयाला कस्तुरीची मोहोर असल्याचे वर्णन आहे. हजरत अनस (र.) सांगतात की कोणी सुगंध देऊ केला तर प्रेषित (स.) तो कधी परत करीत नसत, आणि म्हणून ते स्वतःही परत करीत नसत.

हे हजरत अनस (र.) कोण, हे तू लक्षात घे. दहा वर्षांचे असताना ते प्रेषितांच्या सेवेत आले आणि सुमारे दहा वर्षे त्यांच्या सहवासात राहिले. म्हणजे बालपणातून तारुण्यात येण्याची त्यांची सारी वर्षे, आज तू ज्या वयात आहेस तीच, त्या पवित्र घराच्या अंगणात गेली. त्यांची आई हजरत उम्मे सुलैम (र.) यांनी तर दुपारी विश्रांती घेत असलेल्या प्रेषितांचा घाम टिपून एका कुपीत जमा केला व तो आपल्या सुगंधात मिसळला, ही हकिगत सहीह मुस्लिममध्ये आहे. सुगंधाविषयी आपल्याला जे ठाऊक आहे त्यातील बराच भाग एका तरुण मुलाने पाहिलेला आणि त्याच्या आईने जपलेला आहे.

आता मुद्द्याकडे येऊ. अत्तर लावल्यावर थोड्याच वेळात तुला स्वतःला त्याचा वास येईनासा होतो, हे तू अनुभवले असशील. नाकाला वासाची सवय होते. पुष्कळ मुले इथेच फसतात. वास उडाला असे समजून पुन्हा फवारतात, आणि वर्गात शिरताच शेजारचा खिडकी उघडतो. वास गेलेला नसतो, तो फक्त तुला कळेनासा झालेला असतो. या साध्या गोष्टीत एक मोठी खूण आहे. सुगंध ज्याने लावला त्याच्या वाट्याला तो सर्वांत कमी येतो आणि शेजाऱ्याच्या वाट्याला सर्वांत अधिक. म्हणून ‘मला काय आवडते’ हा प्रश्न दुसरा. ‘माझ्या शेजारी कोण उभे राहणार आहे’ हा पहिला.

जुम्याच्या दिवशी स्नान आणि सुगंध यांची ताकीद कशी आली, हे हजरत इब्ने अब्बास (र.) यांनी सांगितले आहे व सुनन अबू दाऊदमध्ये ते नोंदलेले आहे. लोक गरीब होते, कष्टकरी होते. लोकरीचे जाड कपडे अंगावर आणि पाठीवर ओझी. मशीद अरुंद, छत ठेंगणे. एका तप्त दिवशी प्रेषित (स.) जुम्यासाठी बाहेर आले तेव्हा लोकरीच्या कपड्यांत सर्वांना घाम फुटला होता आणि एकाच्या वासाचा दुसऱ्याला त्रास होत होता. तो वास जाणवल्यावर त्यांनी लोकांना सांगितले की या दिवशी स्नान करावे आणि आपल्याजवळ असेल त्यातले उत्तम तेल व सुगंध लावावा. हजरत आयेशा (र.) यांच्या कथनातही तेच चित्र आहे: मदिनेच्या परिसरातील वस्त्यांतून धुळीने माखलेली, घामाने भिजलेली माणसे जुम्याला येत असत.

या प्रसंगात काय घडले नाही, तेही पाहा. ज्यांच्या अंगाला वास येत होता त्यांना मागच्या सफेत पाठवले गेले नाही. कोणाचे नाव घेतले गेले नाही. सर्वांना एकच गोष्ट सांगितली गेली, आणि तीही ‘जवळ असेल त्यातले’ एवढ्याच मर्यादेत. खजुराच्या बागेत राबणारा आणि बाजारात व्यापार करणारा खांद्याला खांदा लावून उभे राहावेत, त्यांना एकमेकांचा त्रास होऊ नये, एवढ्यासाठी हा सुगंध आहे.

आता आपल्या मशिदी पाहू. मालेगाव-भिवंडीचा यंत्रमाग कामगार रात्रपाळी संपवून फज्रला येतो. रत्नागिरीच्या बंदरावरून मासळी उतरवून आलेला तांडेल येतो. गॅरेजमधला पोरगा नखांतले काळे तेल घासघासून थकतो, तरी ते पुरते जात नाही. आणि त्यांच्या शेजारी, नव्या महागड्या परफ्यूमचा घमघमाट घेऊन, कॉलेजात शिकणारा एखादा तरुण उभा राहतो. तकबीर होते आणि त्याचा खांदा किंचित सरकतो. इतका किंचित की दुसऱ्या कोणाला दिसणार नाही. ज्याच्यापासून सरकला, त्याला मात्र ते कळते. पुढच्या जुम्याला तो कामगार दाराशी, चपलांजवळच्या जागेत उभा राहतो. काही जण यायचेच थांबतात. गावोगावच्या इमामांना अशी माणसे ठाऊक आहेत.

हजरत इब्ने मसऊद (र.) यांनी कथन केलेल्या हदीसमध्ये असे आहे की, ज्याच्या मनात कणभरही गर्व असेल तो स्वर्गात जाणार नाही हे ऐकून एका माणसाने विचारले, चांगले कपडे व चांगली पादत्राणे आवडत असतील तर? प्रेषितांनी उत्तर दिले की अल्लाह सुंदर आहे आणि त्याला सौंदर्य आवडते. गर्व म्हणजे सत्य नाकारणे आणि माणसांना तुच्छ लेखणे. कपडे गर्वात मोडले नाहीत, पादत्राणेही नाहीत. सरकलेला खांदा मोडला. तुझ्या कुपीची किंमत दहा रुपये असो वा दहा हजार, तिचा हिशेब त्या खांद्यापाशी होणार आहे. आणि गॅरेजमधल्या भावा, हे वाचणारा तू असशील तर ऐक: हलाल कमाईचा घाम ही लाज नव्हे. साबण, स्वच्छ सदरा आणि अत्तराचा एक थेंब एवढे पुरे. तुझी जागा पहिल्या सफेतही आहे.

स्वच्छतेवाचून सुगंध म्हणजे मळक्या भिंतीवर चुन्याचा हात. नखे कापणे, मिशा कातरणे, काखेतील व नाभीखालील केस काढणे या गोष्टी हदीसमध्ये मानवाच्या मूळ प्रकृतीत गणलेल्या आहेत, आणि त्यांसाठी चाळीस दिवसांची कमाल मर्यादा हजरत अनस (र.) यांनीच सांगितली आहे. वयात आलेल्या मुलाला गुसल कधी अनिवार्य होते, हे वडिलांनी स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. आपण संकोचतो आणि मुले मोबाइलकडून शिकतात. कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येण्यास मनाई आहे. मग सिगारेट आणि गुटख्याचे काय, ते तूच ठरव. सिगारेटचा वास लपवण्यासाठी स्प्रे मारणारी मुले आहेत. आईला दोन्ही वास कळतात. ती बोलत नाही, इतकेच.

निवडीविषयी आता थोडे. ‘अत्तर’ हा शब्द अरबी ‘इत्र’पासून आपल्या मराठीत येऊन इतका रुळला की लग्नघरातील अत्तर-गुलाब परके वाटत नाही, आणि अत्तार हे आडनाव तर महाराष्ट्रात गावोगावी आहे. पारंपरिक अत्तर उत्तर प्रदेशातील कन्नौज येथे देग-भपक्याने काढतात: तांब्याच्या देगेत फुले व पाणी, खाली मंद आच, आणि वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यातील चंदनतेलात उतरते. पहिल्या पावसात मातीला येणारा वासही ते भाजलेल्या मातीपासून याच रीतीने उतरवतात. त्याला मिट्टी अत्तर म्हणतात, आणि पहिल्या कुपीसाठी ते मला फार योग्य वाटते. उन्हाळ्यात वाळा किंवा गुलाब, थंडीत हिना बरा. ऊद भारदस्त आहे, पण सोळाव्या वर्षी तो वडिलांचा कोट घातल्यासारखा दिसतो.

तीन मिलिलिटरची लहान कुपी घे. मनगटावर थेंब लावून अर्धा तास बाजारात फिरून ये आणि मगच ठरव, कारण पहिला झोत लगेच उडतो आणि अंगावर राहणारा वास वेगळाच असतो. पांढऱ्या कुर्त्यावर लावू नकोस, डाग पडतो. पुरुषांच्या सुगंधाचा वास प्रकट आणि रंग अप्रकट असावा, अशी तिर्मिझी यांच्याकडील हदीसही आहे.

एक किलो शुद्ध गुलाबतेलासाठी काही हजार किलो पाकळ्या लागतात. तेव्हा पन्नास रुपयांच्या कुपीत खरा गुलाब नसणार, हे उघड आहे. कस्तुरीमृगाची शिकार आपल्या देशात कायद्याने बंद आहे, म्हणून दुकानातील ‘मस्क’ बहुतेक कृत्रिम असतो. विक्रेत्याने तसे सांगितले तर त्यात काही गैर नाही. नामांकित कंपनीचे खोटे लेबल लावून विकणे मात्र फसवणूक आहे. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढणाऱ्या प्रेषितांनी (स.) फसवणूक करणाऱ्याशी आपले नाते नाकारले होते. आणि नकली असल्याचे ठाऊक असूनही ती बाटली मित्रांपुढे मिरवणारा? जे मिळालेले नाही ते असल्याचा आव आणणाऱ्याला हदीसमध्ये खोटेपणाची दोन वस्त्रे पांघरणाऱ्याची उपमा आहे. ऐपतीबाहेरच्या अस्सल बाटलीसाठी आईकडे हट्ट धरणेही त्याच वाटेवरचे आहे. प्रार्थनेच्या प्रत्येक प्रसंगी साजशृंगार करा असे सांगणारी सूरह अल्-आराफची आयत त्याच दमात उधळपट्टीपासून रोखते.

जाहिरातींविषयी एकच सांगतो. फवारा उडाला की परक्या मुली मागे वळून पाहतात, हेच त्यांत पुन्हा पुन्हा दाखवले जाते. तू कुपी त्यासाठी उघडणार असशील तर सूरह अन्-नूरमधील नजर खाली ठेवण्याचा आदेश आधी वाच. तो पुरुषांना आधी दिलेला आहे. (भगिनींच्या सुगंधाचे नियम निराळे आहेत, तो स्वतंत्र लेखाचा विषय.)

स्प्रेमधील अल्कोहोलविषयी वाचक नेहमी विचारतात. ते पिणे हराम, यात वाद नाही. अंगाला लावण्याविषयी, द्राक्षे व खजूर यांव्यतिरिक्त अन्य पदार्थांपासून बनलेले अल्कोहोल कपड्याला लागल्यास कपडा नापाक होत नाही, असे आजच्या अनेक हनफी उलमांचे मत आहे. आपल्या देशात ते साखर कारखान्यांच्या मळीपासूनही बनते. काही उलमा सावधगिरी म्हणून ते टाळण्यास सांगतात. कोकणातील बांधव शाफई मताचे आहेत आणि त्या मतात मादक द्रवाविषयी अधिक कठोरता आहे, तेव्हा त्यांनी आपल्या इमामांना विचारावे. तेलावरच्या अत्तराला हा प्रश्नच लागू होत नाही. रोज्यात अत्तर लावल्याने रोजा तुटत नाही. धूप-ऊदाचा धूर मुद्दाम आत ओढणे मात्र टाळावे. उमऱ्याला जाणार असशील तर इहराम बांधल्यावर सुगंध वर्ज्य आहे, सुगंधी साबणसुद्धा.

आता वडीलधाऱ्यांना. कपड्यांच्या घडीखाली कुपी सापडली तर तिचा पंचनामा करू नका. एखाद्या गुरुवारी संध्याकाळी मुलाला बरोबर घेऊन अत्तराच्या दुकानात जा. त्याला दोन-चार वास घेऊ द्या, निवड त्याची असू द्या, पैसे तुम्ही द्या. दुसऱ्या दिवशी जुम्याला निघताना त्याच्या कुपीतला एक थेंब आपल्या हातावर मागून घ्या.

आणि तरुण बांधवा, सफेत बसल्यावर शेजाऱ्याकडे कुपी पुढे करण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. ती तू पाळ. आधी उजवीकडच्या माणसाला विचार, मग डावीकडच्याला. कोणाला दम्याचा त्रास असेल, तर झाकण लावून कुपी खिशात ठेव आणि त्यांच्या प्रकृतीची चौकशी कर; खुतब्याला अजून वेळ असतो.