वाटाण्याच्या अंकुराचा कर्ता

ईश्वर सिद्ध करताना नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, अंकुराचे उदाहरण वारंवार वापरले. घडा हे कार्य आहे, म्हणून त्याला कुंभार आहे. अंकुरही कार्यच, तेव्हा त्यालाही कर्ता हवा. हा कर्ता म्हणजे शेतकरी असे म्हणून भागत नाही. न्यायमतात कर्ता तोच, ज्याला उपादानाचे प्रत्यक्ष ज्ञान, करण्याची इच्छा आणि प्रयत्न हे तिन्ही आहेत. शेतकऱ्यापाशी इच्छा असते, कष्ट तर असतातच. पण बियांच्या आत काय घडते ते त्याला दिसत नाही. शिवाय कोणी न पेरता बांधावर उगवलेल्या गवताचे काय? बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने या अनुमानावर घेतलेला आक्षेप मजेदार आहे: मातीला आकार दिसला की कुंभार मानायचा, तर वारूळही कुंभारानेच केले म्हणावे लागेल.

बौद्धांच्या शालिस्तंब सूत्रात साळीच्या रोपावरून वेगळे उत्तर मिळते. पृथ्वी, पाणी, उष्णता, वायू, आकाश आणि ऋतू एकत्र आले की बियांतून अंकुर निघतो; यांतल्या कोणालाही ‘हे मी करतो’ असे वाटत नाही. साळीऐवजी वाटाणा घेतला तर हा वाद अधिक रंगतो, कारण येथे एक भागीदार वाढतो आणि तोही सजीव.

कोरड्या दाण्यासाठी वाटाणा उत्तर भारतात रब्बीत मोठ्या प्रमाणावर घेतात. बुंदेलखंडातील ललितपूर आणि जालौन हे त्याचे जिल्हे. पेरणी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत होते. उंच वाणांना हेक्टरी 75 ते 80 किलो बियाणे लागते, बुटक्यांना सुमारे 100. थंडी मानवते, पण फुलोऱ्यात दव गोठले की फुले आणि कोवळ्या शेंगा जातात. पाणी फुलोऱ्यात आणि दाणे भरताना चुकवून चालत नाही. पुढे भुरी आणि तांबेरा टपलेलेच असतात. एवढे सगळे सांभाळणारा माणूस स्वतःला कर्ता समजला तर त्याला दोष देता येणार नाही.

तरी मुळांवरच्या गाठी त्याने केलेल्या नसतात. हेल्रीगेल आणि विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी 1886 मध्ये जाहीर केलेल्या प्रयोगांत नत्र नसलेल्या, निर्जंतुक वाळूत वाटाणा उपाशी राहिला. तीत शेतमातीचा थोडा अर्क घालताच तो जोमाने वाढला. ओटला मात्र त्या अर्काचा काही उपयोग झाला नाही. मातीतले रायझोबियम जिवाणू मुळात शिरतात, गाठी बनतात आणि हवेतला नत्र पिकाला मिळू लागतो. बदल्यात वनस्पती आपली साखर मोजते. हा व्यवहार चोख आहे, पण तो ठरवणारे कोणी नाही. शालिस्तंबाच्या कर्त्याला हे ऐकून नवल वाटले नसते. नैयायिक मात्र म्हणाला असता की इतका चोख मेळ कोणीतरी घालून दिल्याशिवाय जमत नाही. प्रयोगाने कारणसाखळी लांबली, वाद मिटला नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायातील मांडणी शेताच्या अधिक जवळची वाटते. कर्माची कारणे पाच: अधिष्ठान, कर्ता, करण, विविध चेष्टा आणि दैव. येथे कर्ता नाकारलेला नाही, त्याला पाचांतला एक करून ठेवले आहे. शेत, शेतकरी, तिफण, कोळपणी-पाणी आणि ज्यावर कोणाचीच सत्ता नाही ते पाचवे: हा हिशेब शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही.

हा हिशेब पुढे शेतकऱ्याला लावल्या जाणाऱ्या ‘उत्पादक’ या शब्दाशी अडतो. वाटाण्याचा बेवड चांगला, तो जमिनीला नत्र देतो, असे सरसकट सांगितले जाते. हेक्टरी 20 क्विंटल दाणा निघाला आणि त्यात 22 टक्के प्रथिने धरली, तर दाण्याबरोबर सुमारे 70 किलो नत्र शेताबाहेर जातो. भूसही जनावरांपुढे गेले आणि शेण परत शेतात आले नाही, तर मातीच्या वाट्याला मुळे, पाचोळा एवढेच. जमीन मागायला आली तर तिला वाटाण्याच्या अक्षता. घेतलेले परत न करता भोगणाऱ्याला गीतेच्याच तिसऱ्या अध्यायात चोर म्हटले आहे. क्विंटलच्या आकड्यात ही बाजू येत नाही.

शेतकऱ्याचे कर्तृत्व सर्वांत स्पष्ट दिसते ते त्याने हात आखडता घेण्यात. पेरताना गुळाच्या पाण्यात कालवलेले जिवाणू संवर्धक बियाण्याला चोळायचे आणि नत्र हेक्टरी 20 किलोच्या आसपासच द्यायचा. युरियाची जास्त मात्रा दिली की गाठी कमी धरतात; फुकटचे अन्न मिळू लागल्यावर रोप साखर कशाला खर्च करील? न टाकलेले पोते हे कर्म की अकर्म, याचे उत्तर रोप उपटून गाठ नखाने चिरल्यावर दिसते. आतून गुलाबी असेल तर काम चालू आहे. शेंगा भरत आल्या की ती हिरवट, मग तपकिरी होते आणि काम थांबते.