दुसऱ्यांदा भगिनी

जन्माने लाभलेले नाते आपण निवडीत नाही. धाकटीला थोरलीस 'ताई' म्हणावयास शिकविले की भगिनीभाव आपोआप सिद्ध झाला, असे आपण समजतो. अमेरिकेतील महाविद्यालयांत 'सोरोरिटी' नावाची विद्यार्थिनींची मंडळे असतात. लॅटिन भाषेत 'सोरोर' म्हणजे बहीण. अशा मंडळात एकत्र आलेल्या सख्ख्या बहिणी कधी कधी घरी होत्या त्याहून अधिक जवळ येतात. मग जे रक्ताने दिले, ते व्रताने पुन्हा का मिळवावे लागते?

रेवदंड्याला हा प्रश्न परका नाही. पोर्तुगीज अमदानीत येथील कोटात फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन आदी संघांचे मठ होते. एकमेकांस 'बंधू' म्हणणारे ते संन्यासी रक्ताने परकेच होते. आज त्या मठांचे भग्नावशेष उरले आहेत. खाडीपलीकडे कोर्लईचे चर्च मात्र कार्मेल मातेच्या नावाने उभे आहे.

फ्रान्समधील लिझ्यूच्या कार्मेल मठात मार्टिन घराण्यातील चार बहिणी १८८२ ते १८९४ या काळात एकामागून एक दाखल झाल्या. तेथे घरातली उतरंड टिकली नाही. १८९३ साली पॉलिन मठाध्यक्षा झाली, तेव्हा तेरेज आपल्या बहिणीला 'माता' म्हणू लागली. आणि हीच तेरेज, सर्वांत धाकटी असूनही, पुढे थोरल्या सेलिनला नवदीक्षितांच्या वर्गात मार्गदर्शन करू लागली. बालपणीच्या आठवणी तिने लिहिल्या त्याही पॉलिनच्या आज्ञेवरून.

आपल्या कोकणातील उदाहरण याहून कठीण आहे. देवरुखच्या जोशी घराण्यातील गोदूबाई बालविधवा. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी काढलेल्या शारदासदनाच्या त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. १८९३ साली त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि त्या 'बाया कर्वे' झाल्या. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले याही विधवा. त्यांनी पुनर्विवाह केला नाही. कर्व्यांनी १८९६ साली स्थापिलेल्या अनाथ बालिकाश्रमाला त्यांनी आपले आयुष्य वाहिले आणि त्याच्या निधीसाठी गावोगाव फिरल्या. १९१८ साली तर त्या अमेरिकेला गेल्या. आश्रम पुनर्विवाहाच्या चळवळीपासून अलग ठेवण्याचे धोरण असल्याने पुनर्विवाहित थोरली त्याच्या कारभारापासून दूर राहिली आणि धाकटी त्याचा आधार बनली. कार्य एक, वाटा दोन. एकमेकींची निवड नाकारण्यास दोघींना पुरेशी कारणे होती. तरी एकीचे जीवन दुसरीच्या जीवनावर आक्षेप ठरला नाही.

येथे मला उत्तर दिसते. घरात आपण बहिणीला तिच्या क्रमाने ओळखतो: थोरली, धाकटी, हुशार, हट्टी. समान ध्येयाच्या संघात हा क्रम गळून पडतो आणि ती प्रथमच एक स्वतंत्र व्यक्ती म्हणून समोर उभी राहते. जवळीक येते ती या नव्या ओळखीमुळे.

मात्र यात एक धोकाही आहे. दोन सख्ख्या बहिणींनी संघात आपले वेगळे घर थाटले, तर तिसरी तेथे उपरी ठरते. म्हणूनच मठांच्या नियमांनी अशा आप्तस्नेहाला लगाम घातला. रक्ताच्या बहिणीवरील प्रेम परक्या मुलीसाठी दार उघडते की बंद करते, हीच त्याची कसोटी.

धाकट्या मुलीला थोरलीच्याच वसतिगृहात पाठविताना आपण म्हणतो, 'ताईची सोबत होईल.' सोबत होईलच. पण तेथे ताईने तिला केवळ धाकटी म्हणून वागवू नये, आणि त्या दोघींच्या खोलीत तिसरीलाही हक्काने बसता यावे, एवढे दोघींना सांगून पाठविणे हे आईबापांचे कर्तव्य आहे.