ब्लॅक बुक ग्रामसभेत वाचा

खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले आणि त्यानंतर काही वर्षांतच भिवपुरीचे. घाटमाथ्यावर अडवलेले पाणी मोठ्या नळांतून खाली सोडले गेले आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या फिरल्या. वीज करून सुटलेले भिवपुरीचे पाणी राजनाल्यातून कर्जतच्या काही गावांना भाताचे दुसरे पीक देते, तर खोपोलीचे पाताळगंगेतून रसायनीच्या कारखान्यांपर्यंत पोहोचते. अभियांत्रिकीचा हा पराक्रम खराच. पण याच कर्जत-खालापुरात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडूनही डोंगरातल्या ठाकूर-कातकरी वाड्यांवरच्या बाया एप्रिल-मेमध्ये ओढ्यात खणलेल्या डवऱ्यातले पाणी वाटीवाटीने हंड्यात भरतात. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण इथे अक्षरशः खरी आहे.

या दोन्ही तालुक्यांत आज अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. शेवटच्या वर्षी प्रत्येक गटाला प्रकल्प करावा लागतो. अहवाल छापून त्याचे ब्लॅक बुक बांधले जाते, व्हायवा उरकतो आणि ते बाड कपाटात जाते. शीर्षकात ‘शाश्वत’ हा शब्द हमखास असतो. महाविद्यालयापासून तासाभराच्या अंतरावर नळ कोरडा पडला आहे, याची दखल मात्र त्यातले फार थोडे अहवाल घेतात. तयार प्रकल्प विकणारी दुकाने शहरांत उघडपणे चालतात, हे कोणत्या प्राध्यापकाला ठाऊक नाही? ज्याने आयुष्यातला पहिला प्रकल्पच विकत घेतला, तो उद्या पुलाच्या सिमेंटची तपासणी कशी करील, याची मला खरोखर भीती वाटते.

वेगळे घडू शकते, आणि ते इथेच घडलेले आहे. आयआयटी मुंबईत १९८५ साली ग्रामीण तंत्रज्ञानासाठी ‘सितारा’ हे केंद्र उभे राहिले. त्याचे विद्यार्थी कर्जतच्या वाड्यांवर आले. गावोगावच्या छोट्या योजना बंद पडतात आणि दर उन्हाळ्यात टँकर लावावा लागतो, तर उत्तर कर्जतच्या गावपाड्यांना मिळून एकच नळपाणी योजना परवडेल का, असा प्रश्न त्यांनी घेतला. उंची, लोकसंख्या, नळाचा व्यास, खर्च हे सगळे कागदावर मांडायचे, म्हणजे तो प्रश्न अस्सल अभियांत्रिकीचाच होता. पुढे २०१६ मध्ये राज्य शासनाने ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ आणले, तेही स्थानिक महाविद्यालयांनी आपल्या परिसराचे प्रश्न हाती घ्यावेत म्हणून.

नळयोजना का मरते, हे शोधायला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. टाकी गावठाणाच्या सोयीने बांधतात, आणि वाडी असते त्याहून चढावर किंवा नळाच्या शेवटच्या टोकाला. उंचीत दहा मीटरचा फरक पडला की दाबात एक किलोचा फरक पडतो, आणि टोकाच्या तोटीला काहीच उरत नाही. पाइपातला दाब गणिताने काढून दाखवणारी ‘ईपानेट’ ही संगणकप्रणाली फुकट मिळते. बादली आणि घड्याळ घेऊन झऱ्याचा प्रवाह मोजता येतो. विहिरीची पातळी महिन्याच्या महिन्याला लिहून ठेवली, तर पाणी कधी संपणार हे फेब्रुवारीतच सांगता येते. या नोंदी ठेवायला दरवर्षी नवी मुले मिळतात. इतकी चिकाटी कोणत्याही कंत्राटदाराकडे नसते.

प्रश्न केवळ पाण्याचाच नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापुरातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत तिचे नाव नव्हते. विद्यार्थ्यांनी ती वाचवली असती असे मी म्हणणार नाही. पण वाडीवाडीवर पर्जन्यमापक बसवणे, उतारावरच्या भेगा नकाशावर घेणे, झऱ्याचे पाणी कधी गढूळ झाले हे म्हाताऱ्यांना विचारून लिहून ठेवणे ही कामे सहज त्यांच्या हातची आहेत. यादीत नसलेल्या वाड्यांवर ती आजही व्हायला हवीत.

माथेरानात जन्मलेल्या स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवालांनी वकिलीचे शिक्षण घेतले आणि ते या भागातल्या शेतकऱ्यांसाठी वापरले. धान्याची कोठारे काढली, शाळा काढल्या. १९४३ च्या जानेवारीत सिद्धगडावर ते हुतात्मा झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे तीस होते. शिकलेला माणूस गावाचे काय देणे लागतो, हे याहून स्पष्ट कोण सांगणार?

कातकरी बाई आपला रोज बुडवून विद्यार्थ्यांच्या प्रश्नावलीला उत्तरे देते. तिची माहिती घेऊन गुण मिळवायचे आणि पुन्हा त्या वाडीकडे फिरकायचे नाही, याला मी चोरीच म्हणतो. नव्या शैक्षणिक धोरणात ‘फील्ड प्रोजेक्ट’ आणि ‘कम्युनिटी एंगेजमेंट’ला श्रेयांक आहेत, त्यांचेही सह्यांचे कागद होऊ नयेत.

प्राध्यापकांनो, येत्या १ मेच्या ग्रामसभेत तुमच्या एका तरी गटाला आपला अहवाल मराठीत वाचायला लावा. गावाने विचारलेल्या शंकांना उत्तरे मिळेपर्यंत गुण भरू नका.