चालतंय म्हणण्याचा हक्क

तळघरातल्या तुमच्या जुन्या लॅपटॉपचं वायफाय लिनक्सवर अजून चालत असेल, तर कुणीतरी अनोळखी माणूस त्याचा ड्रायव्हर सांभाळत आला आहे. लिनक्सचा गाभा बदलला की जुने ड्रायव्हरही बदलावे लागतात. पण बदलणाऱ्याकडे पुष्कळदा ते कार्डच नसतं. कोड कंपाइल होतो. चालतो का, हे कुणालाच ठाऊक नसतं. २०२३ साली ऑरिनोकोसारखे बेवारस ड्रायव्हर काढायचं ठरलं. याला कृतघ्नपणा म्हणाल? मला तो प्रामाणिकपणा वाटतो. न तपासता ‘चालतंय’ म्हणणं ही वापरणाऱ्याची फसवणूकच. मात्र काढण्याआधी ‘कुणी वापरतंय का?’ हे विचारायलाच हवं. आणि तुम्ही वापरत असाल, तर एक संध्याकाळ तपासणीला द्या. फुकट मिळालेल्या गोष्टीचं एवढं देणं आपण लागतोच.