शब्दांचे माहेर

शब्दाचे कूळ विचारावे की काम विचारावे, असा प्रश्न कोणी केला तर तो चमत्कारिक वाटेल. परंतु भाषाशुद्धीची गोष्ट निघाली की सुशिक्षित मंडळींतही नेमका हाच वाद उभा राहतो. अमुक शब्द मूळचा आपला नव्हे, सबब तो टाकावा, असे एक पक्ष म्हणतो. रूढ झाला तो आपलाच, मग त्याच्या कुळाची चौकशी कशाला, असे दुसरा म्हणतो. या वादाचा निकाल शब्दकोशात लागण्याजोगा नाही. ‘आपले’ कशाला म्हणावे, हा मुळात नीतीचा प्रश्न आहे. आणि तो पारखून पाहण्यास वसईसारखे स्थळ क्वचितच सापडेल.

१५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली आणि १७३९ साली चिमाजीअप्पांनी ती जिंकून घेतली. विजयानंतर गावाला बाजीपूर असे नाव मिळाले. पण लोकांच्या तोंडी वसईच राहिली. राजाज्ञेने शब्द सहसा येत नाहीत आणि जातही नाहीत, याचा हा एक दाखला. वसई, चौल, गोवे या किनारपट्टीतून जे पोर्तुगीज शब्द मराठीत शिरले, ते सत्ता गेल्यावरही मुक्काम ठोकून राहिले. सकाळी चावीने कपाट उघडावे, दाराची बिजागरी कुरकुरावी, गृहिणीने परातीत कणीक भिजवावी, गवंड्याने घमेले उचलावे आणि महिनाअखेरीस पगाराची वाट पाहावी; या साध्या दिनक्रमात पाच शब्द पोर्तुगीजांचे आले, आणि एकही आपल्या कानाला खटकला नाही.

बरे, देणारा तरी या धनाचा मूळ मालक होता काय? बटाटा हा शब्द पश्चिमेकडील कॅरिबियन बेटांच्या मूळ रहिवाशांचा. काजू आणि अननस ही नावे ब्राझीलमधील तुपी लोकांची. आणि लिलाव हा पोर्तुगीजांनी स्वतःच अरबांकडून उचललेला. फार काय, ज्या हाकांनी आपण घरातील वडीलधाऱ्यांना साद घालतो, त्यांतील अण्णा आणि अक्का कानडी मुलखातून आलेल्या. कुळ पाहून शब्द घराबाहेर काढू लागलो, तर आधी आपल्या माजघरातच शुकशुकाट होईल. याचा अर्थ नवे शब्द घडवू नयेत असा मात्र नव्हे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश झाला, आणि सावरकरांनी दिलेले दिनांक, महापौर हे शब्द आज कोणालाही नवे वाटत नाहीत. तेही टिकले ते वापराच्याच बळावर.

तथापि ‘रूढ झाला तो आपला’ एवढे म्हणून हात झटकणे मला पुरेसे वाटत नाही. आपल्याकडे सून घरची होते, हे खरे. पण तिने माहेरचे नावच काढू नये, अशी अट घालणाऱ्या घराला आपण उदार म्हणत नाही. शब्दांचेही तसेच आहे. तुरुंग हा शब्द घ्या. पोर्तुगीज भाषेत त्याचे मूळ ‘त्रोंकु’, म्हणजे झाडाचे खोड. कैद्याचे पाय ज्या ओंडक्यात अडकवीत त्याला तेच नाव पडले आणि पुढे ते बंदिशाळेचे झाले. गंमत अशी की, आपल्या खोडा या शब्दाचा जन्मही खोडापासूनच. दोन दूरदेशीच्या भाषांनी माणसाला डांबण्याची एकच युक्ती शोधली होती! हे माहेर विसरले, तर शब्दाच्या पोटात दडलेले दुःखही विसरले जाते.

या विस्मरणाचा उपद्रव शब्दांपुरताच असता तर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. वसईच्या ख्रिस्ती कुटुंबांत परेरा, डिसोझा अशी आडनावे पोर्तुगीज अमदानीत आली. पण चुलीपाशी बोलली जाणारी सामवेदी किंवा वाडवळी बोली त्याहून जुनी आणि मराठीच्याच गोतातली. अशा गृहस्थाला भेटताच पुष्कळ सज्जन म्हणतात, “वा! तुम्ही मराठी किती शुद्ध बोलता!” हेतू कौतुकाचा असतो, पण त्याच कौतुकाने घरच्या माणसाला पाहुण्याच्या पाटावर बसविलेले असते. ‘सुबोध बायबल’चे कर्ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे वसईचे. २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हाही काही ठिकाणांहून विरोधाचा सूर निघालाच. पाव आणि पगार ज्यांनी निमूटपणे पचविले, त्यांना एक आडनाव पचविणे जड जावे, यात भाषाप्रेम कितीसे आणि भय कितीसे, याचा ज्याने त्याने विचार करावा.

तात्पर्य, एखादी वस्तू आपली ठरते ती जन्माने नव्हे. ती रोजच्या व्यवहाराने आणि तिच्यासाठी केलेल्या कष्टाने. पण जे आपले केले, त्याच्या पूर्वकथेचे ऋणही आपल्याकडे येते. त्यात पावाची चव आहे तशी तुरुंगाची सावलीही आहे. मुलांना शब्द शिकविताना त्याचा अर्थ आपण सांगतोच. जमेल तेव्हा तो कोणत्या वाटेने आला, हेही सांगावे. ज्याला आपल्या घरातील शब्दांचे प्रवास ठाऊक आहेत, तो शेजाऱ्याला “तुम्ही मूळचे कुठले?” असे विचारील तेव्हा त्याच्या स्वरात संशय नसेल, जिज्ञासा असेल.